टर्कीला साद घालताना: पहिला कॉल कोणता घ्यावा?

वसंतात रानटर्कीचा नर पहाटे झाडावरूनच आरवायला लागतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी मादीचा आवाज काढून हे उलटं करू पाहतो, म्हणजे नरालाच आपल्याकडे बोलावतो. ज्या साधनाने तो आवाज काढायचा, त्याला अमेरिकेत सरळ ‘टर्की कॉल’ म्हणतात. या वेळचे जवळपास सगळे प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न: ऑफिसातल्या मित्रांबरोबर मे महिन्यात पहिल्यांदाच टर्कीच्या शिकारीला जाणार आहे. दुकानात कॉलची अख्खी भिंत आहे, दहा डॉलरपासून दीडशेपर्यंत. पहिला कोणता घेऊ? मी एच-१बी व्हिसावर आहे, त्याने काही फरक पडतो का? (पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया)

हंगामाला दोन महिने असतील तर बॉक्स कॉल घ्या. दोनच आठवडे उरले असतील तर पुश-बटण. तोंडात ठेवायचा कॉल यंदा राहू द्या.

बॉक्स कॉल म्हणजे वर उघडी, लांबट लाकडी पेटी. तिच्या एका टोकाला स्क्रूने झाकण बसवलेलं असतं आणि त्या झाकणाला वल्ह्यासारखी मूठ असते. खडू लावलेलं झाकण पेटीच्या पातळ काठावरून सरकवलं की मादीचा आवाज निघतो. अर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने याचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं. घडण तेव्हापासून फारशी बदललेली नाही, कारण बदलायची गरजच पडली नाही. चांगल्या बॉक्सच्या दोन बाजू दोन सुरांत असतात. एक बारीक, तरुण मादीचा. दुसरा जाडसर, वयस्क मादीचा. दुकानात दोन्ही बाजू वाजवून बघा. दोन्हींकडून एकच सूर येत असेल तर ठेवून द्या, दुसरा उचला.

पुश-बटणमध्ये छोट्या डबीतली दांडी बोटाने दाबायची की आत घर्षण होऊन आवाज निघतो. पाच मिनिटांत जमतो. हळू आवाजाचं क्लक (एक तुटक ‘टक’) आणि पर्र (हळू घरघर) यात सुरेख निघतात. लांबवर मात्र ऐकू जात नाही. शिवाय चालताना खिशात दांडी दाबली गेली तर तो आपोआप बोलतो, म्हणून सोबतची खीळ किंवा रबर लावूनच ठेवा.

किमतीला भुलू नका. तीस-चाळीस डॉलरच्या बॉक्सवर नर येतो. दीडशेचा बॉक्स म्हणजे बहुतेक वेळा हातकाम आणि सुंदर लाकूड, त्याची हौस वेगळी. नराला मादीच्या आवाजाचा ठेका ओळखीचा असतो. सूर जरा उतरला तरी चालतो, खऱ्या माद्यांतही काही भसाड्या असतात. लय मोडली की मात्र तो गप्प होतो. साधा येल्प म्हणजे एकसारख्या अंतराचे पाच ते सात स्वर, दोन-अडीच सेकंदांत. एवढं एक आधी पक्कं करा.

व्हिसाबद्दल: फरक पडतो, आणि हे कॉल घेण्याच्या आधी बघायचं आहे. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. तेव्हा आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग बंदूक. परवाना हातात नसताना “जरा धरून बघ” म्हणून मित्राची बंदूकही हातात घेऊ नका. आपल्या परिस्थितीबद्दल शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको.

आणखी एक. पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्की फक्त साद घालूनच मारता येते. आवाजाच्या दिशेने दबकत जाणं तिथे बेकायदा आहे. नियम सुरक्षिततेसाठी आहे. ज्या ‘मादी’च्या मागे तुम्ही दबकत जाल, ती बहुतेक वेळा झाडाला टेकून बसलेला दुसरा शिकारी असते.

प्रश्न: माझ्या बॉक्स कॉलचा खडू संपला म्हणून मुलाचा फळ्यावरचा खडू लावला. आवाज चिरका झाला. मग झाकण आणि काठ पॉलिश पेपरने घासले, तर आता नुसतं ‘सर्र’ होतं. वाचेल का? (कोलंबस, ओहायो)

झाकण वाचेल. काठाचं किती घासलं त्यावर आहे.

आधी बिघडलं काय ते बघू. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात, तेच काम इथे खडू करतो. झाकण काठाला क्षणभर धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. सेकंदाला शेकडो वेळा ही धरसोड चालते आणि पेटीच्या भिंती थरथरतात. धरणंच गेलं तर उरतो तो फक्त सर्र आवाज. फळ्यावरच्या खडूत मातीसारखा चिकटा किंवा कडक कण असतात, ते लाकडाच्या रंध्रांत बसून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. बॉक्स कॉलसाठी तेल आणि मेण नसलेला खडू मिळतो, तोच घ्या. दोन-तीन डॉलरचा तुकडा काही हंगाम पुरतो.

आता दुरुस्ती. कोरड्या, मऊ फडक्याने झाकणाची खालची बाजू आणि दोन्ही काठ पुसून जुना खडू काढा. पाणी नको, साबण नको. झाकणाखाली कुठे चकाकी दिसत असेल तर भांडी घासायची नवी हिरवी घासणी (साबण न लागलेली) तिथे हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवा, चकाकी जाईपर्यंतच. मग झाकणाच्या खालच्या बाजूला नवा खडू लांबीच्या दिशेने लावा. पांढरा थर पातळ आणि सगळीकडे सारखा दिसला की पुरे. काठांना मुद्दाम लावायची गरज नाही, झाकणावरून त्यांना मिळतो.

काठांना पॉलिश पेपर लावायलाच नको होता. काठ वरून किंचित बाकदार केलेला असतो आणि झाकणाच्या गोलाईशी त्याचा मेळ कारागिराने कानाने बसवलेला असतो. तो सपाट झाला तर झाकण एका बिंदूऐवजी पट्टीभर टेकतं आणि आवाज बसतो. खडू लावूनही एका बाजूचा आवाज येत नसेल तर ती बाजू गेली असं समजा आणि दुसरीवर काम चालवा.

स्क्रूला हात लावण्याआधी पेन्सिलने त्याची आत्ताची जागा खूण करून ठेवा. मग पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, एवढंच. झाकणाची उंची बदलली की सूर बदलतो, आणि मूळ जागा हरवली तर ती शोधत बसण्यात संध्याकाळ जाते. झाकणाच्या खालच्या बाजूला बोटं लावू नका. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लागलेलं बोट तर अजिबात नको.

वाजवताना झाकण उचलू नका. काठावर टेकलेलं ठेवूनच इंच-दीड इंच सरकवा, जोर झाकणाच्या वजनाचा, हाताचा नाही. येल्पसाठी एकसारखे सरकवे. क्लकसाठी अर्ध्या इंचाहून लहान, तुटक टिचकी. पर्रसाठी अगदी हळू ओढ, इतकी की लाकूड कुरकुरतंय असं वाटावं. एक सावधगिरी: क्लक फार कडक, एकटा आणि मोठा निघाला तर तो ‘पट’ होतो. माद्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पळा’. बॉक्सवर नवख्यांकडून हमखास होणारी चूक ती हीच.

पावसाळी सकाळी पेटी पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीत हात घालूनच वाजवा. दिसतं विचित्र, पण चालतं.

प्रश्न: काचेचा पॉट कॉल घेतला. व्हिडिओतल्या माणसासारखा हात फिरवतो, पण दांडी नुसती घसरते. वस्तू खराब आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

वस्तू ठीक असावी. काच खरवडलेली नसेल.

पॉट म्हणजे तळहातावर मावणारी गोल डबी. वर दगडी पाटी (स्लेट), काच किंवा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग, आत ध्वनी घुमवणारी दुसरी चकती, तळाला भोकं. वरून लाकडाची किंवा कार्बनची दांडी, म्हणजे स्ट्रायकर, ओढायची. नवी काच गुळगुळीत असते आणि गुळगुळीत काचेवर काहीच धरत नाही. काठ आणि मध्य यांच्या मधोमध, डाक तिकिटाएवढा एक चौकोन ठरवा. तिथे ८० ते १०० नंबरचा पॉलिश पेपर किंवा सोबत आलेला दगड एकाच दिशेने घासा, मागेपुढे नाही, गोल तर मुळीच नाही. काच धुरकट दिसू लागली की थांबा आणि भुकटी फुंकून टाका. मग त्या रेघांना आडवी दांडी ओढा. रेघांच्या दिशेनेच ओढलीत तर पुन्हा घसरेल.

स्लेट मऊ असते, तिला हिरवी घासणी पुरते. ॲल्युमिनियम या दोघांच्या मध्ये. तिन्हींना बोटांचं तेल वर्ज्य.

पकड बघा. पॉट तळहातावर टेकवला तर खालची भोकं बंद होतात आणि आवाज कोंडतो. पाच बोटांच्या टोकांनी कडेने धरा, जणू गरम वाटी उचलली आहे, आणि खाली पोकळी ठेवा. दांडी पेनासारखी, टोकापासून दीड-दोन इंचांवर धरा. ती किंचित तिरपी असू द्या आणि टोक पृष्ठभागावरून उचलू नका. मनगट न उचलता शर्टाच्या बटणाएवढी लंबगोल फेरी काढली की येल्प. जरा दाबून पाव इंच ओढून झटक्यात थांबलं की क्लक. दाब जवळजवळ काढून हळू रेघ ओढली की पर्र, आणि पर्रसाठी पॉटसारखं दुसरं साधन नाही. काठाकडे सूर चढतो, मध्याकडे उतरतो.

दांडीचं टोकही झिजून चकाकतं. आठवड्यातून एकदा पॉलिश पेपरवर दोनदा फिरवा. लाकडी दांडी ओली झाली की संपलं. म्हणून काच किंवा ॲल्युमिनियमबरोबर एक कार्बन वा ॲक्रिलिकची दांडी खिशात असू द्या. पावसात स्लेट नेऊच नका. एकाच पॉटवर तीन वेगळ्या दांड्या म्हणजे तीन वेगळ्या माद्या. दुसरा पॉट घेण्याआधी दांडी बदलून बघा, स्वस्त पडतं.

प्रश्न: तोंडातला कॉल टाळूला लावला की उमासे येतात. आवाज निघतो तो फुग्यातून हवा सुटल्यासारखा. सराव करत राहू की नाद सोडू? (अटलांटा, जॉर्जिया)

आधी एक तपासा: पडदा लॅटेक्सचा असतो. रबरी हातमोज्यांनी खाज किंवा सूज येत असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही, उमाशांचा प्रश्नच मिटला.

तसं नसेल तर बहुधा माप चुकलंय. घोड्याच्या नालेसारख्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत पातळ पडदे, भोवती चिकटपट्टीची झालर, असा हा कॉल. टाळू अरुंद असेल तर लहान चौकटीचा घ्या. मोठा घेतलाच असेल तर झालर कात्रीने थोडी थोडी कापा, एका वेळी एक मिलिमीटर. जास्त कापलीत तर बाजूंनी हवा निसटते. चौकट मधून जराशी वाकवून टाळूच्या कमानीत बसवायची असते, हे पुष्कळ जण विसरतात.

नालेचं उघडं तोंड पुढे, दातांकडे. दोन पडद्यांचा असेल तर आखूड पडदा खाली. कॉल पुढच्या दातांच्या मागे टाळूला चिकटवा, फार आत नको. उमासे बहुतेक याच चुकीने येतात. पहिले दोन दिवस आवाज काढूच नका. टीव्ही बघताना नुसता तोंडात ठेवा, तोंडाला सवय होते. मग जीभ पडद्याला अलगद टेकवा आणि गाल न फुगवता पोटातून हवा सोडा, आरशावर वाफ धरताना सोडतो तशी. आधी लांब, सरळ शिट्टीसारखा एकच सूर धरता आला पाहिजे. तो सूर चालू असताना जबडा खाली सोडला की तो खरखरीत, खालच्या सुरात पडतो. वरून खाली पडणारे हे दोन सूर म्हणजे येल्पचा एक स्वर. तोंडातल्या तोंडात ‘चियॉक, चियॉक’ म्हणून बघा. फुग्यासारखा आवाज म्हणजे जिभेचा दाब कमी आणि हवा जास्त.

सुरुवातीला दोन पडद्यांचा, बिनकापाचा (म्हणजे पडद्याला चीर न दिलेला) किंवा एकाच साध्या कापाचा घ्या. तीन पडदे आणि वटवाघळाच्या पंखासारखा काप मोहात पाडतो, पण त्याला हवाही जास्त लागते आणि जिभेचा ताबाही.

वापर झाला की साध्या पाण्याने धुवा, पडद्यांच्या मध्ये चपटी टूथपिक सरकवा आणि डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलेला कॉल एका आठवड्यात चिकट होऊन बसतो.

नाद सोडू नका, पण हंगामासाठी दुसरा कॉलही बाळगा. तोंडातल्या कॉलची खरी किंमत शेवटच्या चाळीस यार्डांत कळते. नर समोर आहे, बंदूक खांद्याला लागलेली आहे, दोन्ही हात अडकलेले. तिथे एक हळू क्लक काढून त्याची मान वर करायला दुसरं कुठलंच साधन उपयोगी पडत नाही.

प्रश्न: पहाटे नर प्रत्येक येल्पला उत्तर देतो, जवळ येतो आणि नेमका बंदुकीच्या टप्प्याबाहेर थांबून आरवत राहतो. आणखी मोठा कॉल घ्यावा का? इथे वारा फार असतो. (ऑस्टिन, टेक्सस)

थांबलेल्या नरासाठी मोठा कॉल नको. कॉल खाली ठेवा.

नराच्या दृष्टीने मादीने त्याच्याकडे यायचं असतं. तुम्ही दर मिनिटाला बोलता आहात, म्हणजे मादी उत्सुक आहे आणि येणारच आहे, मग त्याने का चालावं? तो थांबतो, पिसारा फुगवतो आणि वाट बघतो. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण गप्प बसा. मग पॉटवर अगदी हळू पर्र आणि एखादा क्लक, आणि हाताने वाळका पाला खरवडा, मादी चरते आहे असा. मधे ओढा, कुंपण किंवा दाट झुडूप असेल तर नर ते ओलांडायला कंटाळतो. तिथे दोष कॉलचा नाही, बसायच्या जागेचा. बसण्याआधीच मधली जमीन बघून ठेवायला हवी.

वाऱ्याचं म्हणणं मात्र बरोबर आहे. तुमच्याकडची रिओ ग्रँड उपजातीची टर्की उघड्या माळावर राहते, तिथे हळू आवाज पन्नास पावलांत विरतो. दूरच्या नराचा पत्ता काढायला बॉक्स कॉल ठेवा, त्याच्याइतका आवाज हातातल्या दुसऱ्या कॉलला नाही. त्याने उत्तर दिलं आणि तो चालू लागला की बॉक्स बाजूला आणि पॉट हातात.

पहाटे त्याचं झाड शोधण्यासाठी मादीचा आवाज वापरूच नका. त्याला घुबडाचा कॉल असतो. ‘बार्ड’ घुबडाची आठ स्वरांची घू-घू-घूघू काढली की नर दचकून, न ठरवता आरवतो. दिवस वर आल्यावर तेच काम कावळ्याच्या कॉलने होतं. काव-काव दोन-तीनदाच करा. लांबवलीत तर त्याचं आरवणं तुमच्याच आवाजाखाली बुडेल.

नराच्या आरवण्याची नक्कल करणारा कॉलही मिळतो. सार्वजनिक जंगलात तो काढू नका, त्या आवाजावर टर्कीपेक्षा बंदूक घेतलेली माणसं जास्त येतात. त्याच कारणाने अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोजे आणि रुमालसुद्धा. आरवणाऱ्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. पाठीशी खांद्यांहून रुंद झाड घ्या. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाजही काढू नका, माणसाच्या आवाजात मोठ्याने बोला.

प्रश्न: मोबाइलवर टर्कीचे आवाज वाजवले तर? (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

शिकताना जरूर ऐका. रानात बहुतेक राज्यांत टर्कीच्या शिकारीसाठी इलेक्ट्रॉनिक आवाज बेकायदा आहेत. ऐकायचंच असेल तर माणसांपेक्षा खऱ्या माद्यांची रेकॉर्डिंग निवडा. स्पर्धांतले वादक फार घोटीव वाजवतात. रानातली मादी मध्येच अडखळते, एखादा स्वर गिळते.

प्रश्न: अमेरिकेतल्या भावाने शोभेची वस्तू म्हणून बॉक्स कॉल आणला आहे. सह्याद्रीत फिरताना याने मोर किंवा रानकोंबडा बोलावता येईल का? (पुणे)

नाही, आणि प्रयत्नही करू नका. त्यांची भाषा वेगळी आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे त्यांची शिकार बंद आहे, पकडण्याचा प्रयत्नसुद्धा शिकारीतच धरला जातो. विणीच्या काळात नुसत्या हौसेखातर पक्ष्याला फसव्या आवाजाने हलवणंही बरं नाही.

पेटी मात्र शोकेसमध्ये ठेवू नका. पुणे-नाशिककडे कुणी टर्की पाळत असेल तर तिथे घेऊन जा. पाळीव टर्की आणि अमेरिकेतली रानटर्की एकाच जातीची. मेक्सिकोत माणसाळवलेला हा पक्षी सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि तिथून जगभर पसरला. त्यामुळे शेडमधला नर तुमच्या येल्पला उत्तर देईल. अर्थात तो ट्रकच्या हॉर्नलाही देतो, तेव्हा लगेच हुरळून जाऊ नका. माद्यांकडे लक्ष ठेवा. तुमच्या आवाजावर त्या चरत राहिल्या तर ठेका जमला. सगळ्यांनी एकदम माना ताठ केल्या तर क्लकचा ‘पट’ झाला आहे, झाकणावरचा हात हलका करा.